लेप कुठून फुटतो

गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी बसवलेली असते. काही वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस ती बाहेर काढतो, तेव्हा बोटाएवढ्या जाड दांडीची खडबडीत, पांढऱ्या भुकटीने माखलेली काडी झालेली असते. कधी नुसती मधली तारच हाती लागते. दांडीचं कामच ते. टाकीच्या पोलादाच्या वाट्याचं गंजणं तिने आपल्या अंगावर घ्यायचं. रोजच्या वापरातल्या धातूंमध्ये पाण्यापुढे इतक्या लवकर हात टेकणारा दुसरा धातू नाही, आणि नेमका हाच धातू मोडलेल्या हाडात स्क्रू म्हणून बसवायचा, असा आमचा खटाटोप आहे. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर सिरॅमिकचे लेप चढवणं आणि ते कसे वागतात ते पाहणं हे माझं काम. लोक या कामाबद्दल पहिला प्रश्न विचारतात तो ‘तुमचं कोटिंग किती टिकतं?’ हा. आम्हीही स्वतःला बराच काळ तोच विचारत आलो. आता मला वाटतं की या प्रश्नाने आमच्या क्षेत्राची बरीच मेहनत आडवाटेला नेली. लेप कुठून फुटतो आणि फुटल्यावर पुढे काय होतं, हे आधी विचारायला हवं. किती टिकतो, हे त्यानंतर.

मुळात विरघळणारा स्क्रू हवा कशाला? मोडलेलं हाड धरून ठेवायला स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू वापरतात. हाड जागेनुसार, वयानुसार साधारण तीन महिन्यांत भार पेलू लागतं. पट्टी मात्र तिथेच राहते. ती टोचू लागली, सैल झाली, जंतुसंसर्ग झाला, किंवा रुग्ण वाढत्या वयाचं मूल असलं, तर ‘प्लेट काढायची’ म्हणून दुसरं ऑपरेशन येतं. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा कामावरचा खाडा. रोजंदारीवर पोट असणाऱ्या माणसाला हा दुसरा खर्च पहिल्यापेक्षा जास्त बोचतो, कारण पहिल्या वेळी निदान अपघात झालेला असतो. दुसरी अडचण कडकपणाची. स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११०च्या आसपास, आणि हाडाच्या कठीण बाह्य थराचा १० ते ३०. इतकी ताठ पट्टी शेजारी असली की भार तीच घेते आणि आयता आधार मिळालेलं हाड विरळ होत जातं. मॅग्नेशियमचा गुणांक ४५च्या जवळपास आहे आणि घनता १.७४, म्हणजे हाडाच्या अगदी शेजारची. शिवाय प्रौढ माणसाच्या शरीरात पंचवीसेक ग्रॅम मॅग्नेशियम असतंच, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत. जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. कागदावर पाहिलं तर याहून चांगलं स्थळ शोधून सापडायचं नाही.

ही कल्पना नवीही नाही. १८७८ साली अमेरिकेतल्या एडवर्ड ह्यूज या डॉक्टरने रक्तवाहिन्या बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली होती. १९०६मध्ये बेल्जियमच्या आल्बॅं लाम्बोत याने पायाच्या मोडलेल्या हाडावर शुद्ध मॅग्नेशियमची पट्टी बसवली, आणि ती पक्की करायला सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे वापरले. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. आज विद्युत-रसायनशास्त्र शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की एका खारट द्रावणात मॅग्नेशियम आणि सोनं-पोलाद एकमेकांना चिकटवून ठेवणं म्हणजे घट तयार करणं. गीझरच्या दांडीचाच न्याय तिथे लागू झाला. फरक इतकाच, की इथे वाचवायची होती ती दांडी. लाम्बोतच्या नंतर त्याच्या सहकाऱ्याने, झां फेरब्रुगने, एकाच धातूचे भाग वापरून बरे निकाल मिळवले. पण तोवर न गंजणारं पोलाद सुधारत गेलं होतं, आणि डॉक्टरांनी जे टिकतं ते घेतलं. त्यांची चूक नव्हती.

वायूचा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे. मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. एक ग्रॅम मॅग्नेशियममागे सुमारे एक लिटर. तीन मिलिमीटर जाड आणि तीन सेंटिमीटर लांब असा साधा दंडगोल घेतला, तर त्याचं वजन ०.३७ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे तो पूर्ण विरघळेपर्यंत साडेतीनशे मिलीलिटरहून जास्त हायड्रोजन निघणार. शीतपेयाच्या छोट्या बाटलीहून अधिक. हे वर्षभरात झालं तर रोजचा वाटा एक मिलीलिटर, आणि ऊती तो हळूहळू वाहून नेऊ शकतात. महिन्याभरात झालं तर रोज बारा, आणि मग हाडाभोवती पोकळ्या दिसू लागतात. हायड्रोजनसोबत जागेवरचा सामूही चढतो, आणि शरीरातल्या क्लोराइडमुळे हायड्रॉक्साइडचं पांघरूण विरघळणाऱ्या क्लोराइडमध्ये बदलत राहतं. ऑक्साइडचा तर आधारच नाही: ते ज्या धातूपासून बनतं त्याच्या सुमारे ०.८१ पटच आकारमान भरतं, म्हणजे अंगापेक्षा चादर तोकडी. अ‍ॅल्युमिनियमची चादर अंगाला पुरून उरते, म्हणून आपली पातेली वर्षानुवर्षं टिकतात. मॅग्नेशियमला स्वतःचं पांघरूण नाही; ते बाहेरून द्यावं लागतं.

इथे लेपाची गोष्ट सुरू होते, आणि इथेच एक फरक लक्षात ठेवावा लागतो. छपराच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. त्यावर ओरखडा उठला तरी जस्त आधी गंजतं आणि उघडं पडलेलं लोखंड काही काळ सांभाळतं. खाद्यपदार्थांच्या डब्याच्या पत्र्यावर कथील असतं. त्याला बाहेरच्या बाजूने ओरखडा उठला की लोखंड उलट जोरात गंजतं, कारण तिथे कथील हा वरचढ भागीदार. मॅग्नेशियमला पत्र्यासारखं संरक्षण देताच येत नाही, कारण त्याच्यासाठी स्वतःचा बळी देईल असा, त्याच्याहून पडखाऊ आणि तरीही शरीरात ठेवण्याजोगा धातू आपल्यापाशी नाही. उरतो तो केवळ आडोसा: वीज न वाहणारा, शरीराला ओळखीचा, सिरॅमिकचा. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजाचाच जवळचा नातेवाईक, त्याहून लवकर विरघळणारे ब्रशाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, मॅग्नेशियम फ्लोराइड, लॅरी हेंच यांनी १९६९ साली शोधलेल्या बायोग्लासच्या वाटेवरच्या काचा, डायॉप्साइड, अकरमनाइट यांसारखे सिलिकेट. आडोशाला मात्र एक स्वभाव असतो. तो असतो तोवर पूर्ण असतो, आणि जिथे नसतो तिथे अजिबात नसतो.

चढवण्याच्या रीतीही धातूच ठरवतो. टायटॅनियमच्या खुब्याच्या सांध्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट प्लाझ्माच्या झोताने फवारतात; ही पद्धत १९८०च्या दशकापासून रुळलेली आहे. मॅग्नेशियम ६५० अंश सेल्सिअसलाच वितळतं, आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट भाजून घट्ट करायला हजार अंशांच्या वर जावं लागतं. भट्टीचा रस्ता बंद. म्हणून आम्ही कमी तापमानाच्या वाटा धरतो: द्रावणातून थर बसवणं, विजेच्या साहाय्याने बसवणं, सोल-जेलमध्ये बुडवून मग हलकं तापवणं. त्यातही तापवताना-निववताना धातू सिरॅमिकपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, आणि मातीच्या भेगाळलेल्या शेतासारखी जाळी वर उमटते. आणखी एक खोडी अशी की मॅग्नेशियमचे आयन हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे स्फटिक नीट वाढू देत नाहीत; लेप अर्धवट, निराकार राहतो. जपानमधल्या त्सुकुबाच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत कॅल्शियम-ईडीटीएच्या द्रावणातून ही अडचण बरीच सोडवली गेली. दुसरी मोठी वाट प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनची, आमच्या बोलण्यात ‘पीईओ’. सिलिकेट किंवा फॉस्फेटच्या अल्कलीयुक्त द्रावणात नग बुडवून काहीशे व्होल्टचा दाब दिला की पृष्ठभागावर हजारो बारीक ठिणग्या नाचू लागतात आणि धातूतूनच सिरॅमिक उगवतं. धरलेलं असतं ते इतकं घट्ट, की खरवडताना आधी हात दुखतो. पण प्रत्येक ठिणगी आपल्या मागे एक भोक ठेवून जाते. खाली एक पातळ, भरीव थर आणि वर दहा-वीस मायक्रॉनचा ज्वालामुखीच्या तोंडांसारखा सच्छिद्र थर, असं त्याचं रूप. मग त्या भोकांत फॉस्फेट भरा, सोल-जेल भरा, असं दुसरं काम लागतं.

आता चाचणीकडे वळू, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. ठरलेली पद्धत अशी: मिश्रधातूची सपाट चकती, एक चौरस सेंटिमीटर उघडी, आरशासारखी घासलेली. तिच्यावर लेप. मग शरीरातल्या द्रवासारखं द्रावण, तापमान ३७ अंश, विजेचा दाब बदलत प्रवाह मोजणारा पोटेन्शिओस्टॅट लावून आलेख काढायचा. लेप नसलेल्या चकतीपेक्षा गंजण्याचा प्रवाह शंभरपट, हजारपट घटलेला दिसतो, तो आकडा शोधनिबंधाच्या सारांशात जातो, आणि सगळे खूश. या आकड्यात तीन गोष्टी झाकल्या जातात. तो बुडवल्यानंतर तासा-दोन तासांतला क्षण असतो, हाडाला हव्या असणाऱ्या बारा आठवड्यांचा नव्हे. तो साऱ्या क्षेत्रफळावर वाटलेली सरासरी असतो. आणि चकतीला स्क्रूसारखे आटे नसतात. सरासरीचा घोटाळा सर्वांत मोठा. समजा एका चकतीवरचा लेप सगळीकडे थोडा थोडा झिरपतो, आणि दुसऱ्या चकतीवरचा अभेद्य आहे पण त्याला एकच छिद्र आहे. सरासरी प्रवाह दुसऱ्याचा कमी दिसेल. पण त्या एका छिद्रातून आत शिरलेलं पाणी लेपाखाली आडवं पसरतं, तिथे सुटणाऱ्या हायड्रोजनला वर वाट नसते, तो लेपाला आतून फुगवतो आणि पापुद्रा उचलतो. धातूत खोल खड्डा पडतो. स्क्रूचा छेद एका जागी निम्मा झाला, की उरलेला सगळा स्क्रू शाबूत असून उपयोग नाही. तो तिथेच मोडणार. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंना ताणाखाली खारट द्रावणात तडा जाण्याची खोड आहेच, आणि खड्ड्याचा तळ हे तडा सुरू व्हायचं हक्काचं ठिकाण. म्हणून मी असं म्हणण्याचं धाडस करतो, की एकाच जागी फुटणाऱ्या मजबूत लेपापेक्षा सगळीकडे सारखा झिजणारा कमजोर लेप हाडाच्या जास्त कामाचा.

ज्यांनी तांब्या-पितळेची भांडी वापरली आहेत, त्यांना यात नवल वाटू नये. कल्हई बुडातून पातळ होत गेली की घरातल्या बाईला दिसायचं, आणि भांडं कल्हईवाल्याकडे जायचं. सगळीकडून सारखी उतरत आलेली कल्हई इशारा देते. वरून चकचकीत आणि एका कोपऱ्यात उडालेली कल्हई ताक कळकवते. हाडातल्या स्क्रूला पुन्हा कल्हई करता येत नाही, म्हणून तिची उतरण आधीच ठरवून ठेवावी लागते.

आटे ही तर वेगळीच कथा. स्क्रू हाडात फिरवताना लेपावर कातर बसते, आट्याच्या कडेवर सर्वाधिक, आणि पेचकस जिथे रुततो त्या डोक्याच्या खाचेत. सिरॅमिक दाब सहन करतं, पण वाकणं आणि ताण त्याला सोसवत नाही. धारदार कडेवर लेप मुळात कमी बसतो, पीईओत तर तिथे ठिणग्याही वेगळ्या वागतात. थोडक्यात, प्रयोगशाळेत आम्ही ज्या लेपाची परीक्षा घेतो तो लेप रुग्णाच्या हाडात पोचेपर्यंत शिल्लक असेलच असं नाही. त्याआधीचाही प्रवास आहे. वाफेच्या निर्जंतुकीकरणात मॅग्नेशियम धरत नाही, म्हणून किरणांचा मार्ग घ्यावा लागतो. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर उघड्या कपाटात ठेवलेला नमुना काही न करताही करडा पडतो. किरकोळ वाटणाऱ्या या बाबी लेपाच्या रसायनाइतक्याच निर्णायक असतात, पण त्यांच्यावर निबंध लिहून कुणाला बढती मिळत नाही.

टिकण्याच्या हव्यासाचा दुसरा पुरावा एका आकड्यात आहे. शरीर दर चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला ०.०१ मिलीलिटर हायड्रोजन सहन करतं, असा उंबरठा आमच्या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो, आणि आपला लेप त्याच्या खाली आहे हे दाखवण्यासाठी लोक जिवाचं रान करतात. वरच्या दंडगोलाचा पृष्ठभाग सुमारे तीन चौरस सेंटिमीटर. म्हणजे दिवसाला ०.०३ मिलीलिटर. साडेतीनशे मिलीलिटरला या दराने भागून पाहा: तीस वर्षांहून जास्त. इतकी वर्षं हाडात राहणाऱ्या स्क्रूला विरघळणारा म्हणायचं, तर टायटॅनियमने काय घोडं मारलं? दुसरीकडे वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहून कमी झीज असावी, हा संकेतही तितकाच प्रचलित आहे. त्याने तोच दंडगोल तीनेक वर्षांत संपतो. एकाच स्क्रूसाठी दोन आकडे, एक दुसऱ्याच्या निदान दहापट, आणि दोन्ही एकाच निबंधाच्या प्रस्तावनेत शेजारी नांदताना मी पाहिले आहेत. लेपाने धातूला कायम थोपवायचं नसून पहिले काही आठवडे सांभाळून मग बाजूला व्हायचं आहे, हे मनात पक्कं असतं तर हा विसंवाद कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता.

या साऱ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप मिश्रधातूवाल्यांचा. ते म्हणतात, धातूच सुधारा, लेपाची कटकट हवी कशाला? त्यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. मॅग्नेशियममधलं लोखंड दहा लाखांत शे-दीडशे भागांच्या मर्यादेपलीकडे गेलं की गंजण्याचा वेग एकदम उसळतो. ती अशुद्धी काढली की तोच धातू शहाण्यासारखा वागतो. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका कंपनीच्या इट्रियम आणि दुर्मीळ मृदांच्या मिश्रधातूच्या स्क्रूला २०१३ साली युरोपात विक्रीची परवानगी मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, पायाच्या अंगठ्याच्या वाकडेपणाच्या २६ रुग्णांच्या तुलनेत तो टायटॅनियमच्या बरोबरीचा ठरला. कोरियातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियम-जस्ताच्या स्क्रूचे मनगटाजवळच्या हाडातले ५३ रुग्णांचे निकाल २०१६मध्ये आले. वर्षभरात स्क्रूची जागा हाडाने घेतली होती. या यशामागे लेप नव्हता. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ज्या हाडाला रक्तपुरवठा भरपूर, भार बेताचा, तिथे लेपाशिवाय जावं असंच मी म्हणेन. पण अशाच इट्रियमवाल्या मिश्रधातूचा स्क्रू मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडात वापरला, तेव्हा जर्मनीतल्याच डॉक्टरांनी पाच रुग्णांत हाडात मोठ्या पोकळ्या नोंदवल्या. धातू त्याच घराण्यातला, हाड वेगळं. मिश्रधातूला एकच वेग असतो, आणि तो पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो, कारण ताजं कापलेलं हाड, दाह आणि उघडा धातू तिघं एकत्र येतात. गरज नेमकी उलट असते: आधी संथ, मग जलद. वेळेनुसार वेग बदलणं हे पृष्ठभागाचं काम. पोटातल्या धातूला ते सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप शरीराच्या बाजूने येतो. शरीरात मॅग्नेशियम प्रयोगशाळेपेक्षा हळू गंजतं. बऱ्याच तुलनांत एक ते पाच पटींनी. मग काचेच्या भांड्यातल्या खड्ड्यांवरून एवढी चिंता का? यातलं निरीक्षण खरं आहे, आणि कारणंही कळलेली आहेत. प्रयोगशाळेत सामू धरून ठेवायला ट्रिस किंवा हेपेससारखे बफर घालतात. ते सुटलेला अल्कली गिळतात आणि धातूवर पांघरूण साचूच देत नाहीत. शरीर बायकार्बोनेटवर चालतं, त्यात प्रथिनं असतात, प्रवाह जागेगणिक वेगळा असतो. आणि शरीरातला द्रव कॅल्शियम-फॉस्फेटने मुळात काठोकाठ भरलेला असतो. छिद्रात धातू गंजला, सामू चढला, की तिथेच फॉस्फेट साचून छिद्र बुजू लागतं. माझ्या मते हा आक्षेप माझ्याच म्हणण्याला बळ देतो. जो लेप कॅल्शियम-फॉस्फेटचा आहे, पातळ आहे, हळूहळू विरघळतो, त्याच्या दुरुस्तीत शरीर हातभार लावतं. जो लेप फुगून पापुद्र्याने निघतो, त्याच्या खालची पोकळी भरायला शरीराला वेळच मिळत नाही. म्हणून फ्लोराइड घातलेलं, कमी विरघळणारं अ‍ॅपेटाइट दर वेळी श्रेष्ठ मानण्याची घाई मला पटत नाही. दातासाठी तो गुण. इथे तो गुण किती आठवड्यांपुरता हवा हे आधी ठरवावं लागेल.

तिसरा आक्षेप बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा मॅग्नेशियमचा स्टेंट २०१६पासून युरोपात मिळू लागला. त्यावर पॉलिलॅक्टिक आम्लाचा लेप आणि त्यात सिरोलिमस हे औषध असतं. स्टेंट आत गेल्यावर फुग्याने उघडतो, तिथे सिरॅमिक चिराळून जाईल हे उघड आहे, आणि तिथे पॉलिमरला पर्याय मला दिसत नाही. हाडात मात्र गणित बदलतं. पॉलिलॅक्टिक आम्ल विरघळताना आम्ल सोडतं, धातू अल्कली सोडतो, आणि दोघांचा तोल साधला जाईलच असं नाही. शिवाय हाड पॉलिमरला नुसतं सहन करतं, अ‍ॅपेटाइटला मात्र चिकटतं. लेप गेल्यावर मागे हाडाला धरणारं काहीतरी उरावं, ही हाडाची अपेक्षा सिरॅमिकच पुरी करू शकतं.

राहता राहिला आट्यांवर लेप फुटण्याचा आक्षेप, आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. त्याला आजवर कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. पण त्यावरून लेप सोडून द्यावा असं ठरत नाही. चाचणी बदलावी असं ठरतं. हाडाच्या जागी वापरायचा पॉलियुरेथेनचा प्रमाणित फेस बाजारात मिळतो. लेप दिलेला स्क्रू आधी त्यात किंवा कसायाकडून आणलेल्या हाडात ठरलेल्या पिळाने बसवावा, उलटा फिरवून काढावा, आणि मग द्रावणात बुडवावा. चकत्यांवर लेप दिल्यावर मुद्दाम सुईने ओरखडा काढावा. निकालात सरासरी प्रवाहाच्या आधी सर्वांत खोल खड्ड्याची खोली लिहावी, आणि स्क्रूचा सर्वांत अरुंद छेद बारा आठवड्यांनी किती उरला ते सूक्ष्म सीटी स्कॅनने मोजून लिहावं. शोषल्या जाणाऱ्या धातूंच्या चाचणीसाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची स्वतंत्र मार्गदर्शिका आता आहे, एफ३२६८; तिच्या चौकटीत हे सगळं बसतं, नव्या यंत्राची गरज नाही. यात प्रतिष्ठा कमी आणि नमुने जास्त खर्ची पडतात, हे मान्य. आलेखावर हजारपट सुधारणा दाखवणारा लेप या परीक्षेत दहापटीवर येतो, आणि अशा आकड्याचं मुखपृष्ठ होत नाही. आमच्याकडे आता फेसात पिळून काढलेल्या स्क्रूंचं एक वेगळं खोकं असतं. त्यातला नग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की नजर आधी डोक्याच्या खाचेवर जाते, मग पहिल्या दोन आट्यांच्या कडांवर. दांड्याच्या गुळगुळीत भागाचं छायाचित्र काढायचं काम सर्वांत शेवटी, राहिलाच वेळ तर.